न पाहिलेल्या भावंडास

आईने लेकाला पत्र लिहावे, भावाने भावाला लिहावे, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. ज्याचा चेहरा डोळ्यांपुढे आहे, ज्याच्याबरोबर एका पंगतीला जेवलो आहोत, त्याची खुशाली विचारल्यावाचून मनुष्याला राहवत नाही. परंतु ज्याला जन्मात पाहिले नाही, ज्याचा आवाज कानांवर आलेला नाही, ज्याचे आजोबा आणि आपले आजोबा सख्खे भाऊ होते एवढाच ज्याच्याशी संबंध, अशा समुद्रापलीकडच्या भावंडाला कोणी वर्षानुवर्षे, नाताळ जवळ आला की न चुकता, चार पाने भरून लिहीत असेल, तर त्या लिहिण्याच्या मुळाशी काय असावे याचा विचार मनातून जात नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन कुटुंबांची जुनी पत्रे वाचू लागल्यापासून मला ओढ लागली आहे ती या दूरच्या भावंडांच्या पत्रांची.

पत्रव्यवहाराचा आरंभ अर्थातच सख्ख्या भावंडांत झाला, आणि त्याचे कारण जमिनीच्या वारसाहक्कात होते. जर्मनीच्या वायव्येस, वेस्टफालिया आणि ओस्नाब्रुक या मुलखांत, शेत अखंड राहावे म्हणून ते एकाच वारसाच्या नावे करण्याची वहिवाट होती. बाकीच्यांनी थोडीबहुत रक्कम घेऊन बाजूला व्हावे, एखाद्या थोरल्या शेतकऱ्याची झोपडी आणि जमिनीचा तुकडा खंडाने घ्यावा, त्याची हाक आली की आपले काम टाकून त्याच्या शेतावर राबावे, आणि हिवाळ्याच्या लांब रात्री अळशीच्या सुताचे कापड विणून संसार ओढावा, असा तो क्रम होता. इंग्लंडच्या गिरण्यांच्या सुतापुढे हातमाग बसला आणि १८४० नंतरच्या दशकात बटाट्याच्या पिकावर रोग पडला, तेव्हा हा क्रमही मोडला. नैर्ऋत्येस, व्युर्टेंबर्ग आणि बाडेन या प्रांतांत रीत उलटी होती, सर्व मुलांना सारखा हिस्सा मिळे. पण वाटणीवर वाटणी होत होत अखेर नांगर वळवण्यापुरतीही जागा नसलेले तुकडे हाती येत. एका वाटेने जावे किंवा दुसऱ्या, शेवटी मनुष्य पोचे तो ब्रेमरहाफन, हॅम्बुर्ग किंवा फ्रान्समधील ल हाव्र या बंदरांच्या धक्क्यावर. १८२० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत ५० लाखांहून अधिक जर्मन असे अमेरिकेत उतरले.

त्यांच्या मनात अमेरिकेचे चित्र प्रथम कोणी उभे केले असेल, तर ते पत्रांनीच. गॉटफ्रीड डूडेन नावाचा एक सुशिक्षित गृहस्थ १८२४ ते १८२७ मिसूरी नदीच्या काठी राहून परतला आणि १८२९ मध्ये त्याने आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला, तोही पत्रांच्याच रूपात. तो वाचून कित्येक कुटुंबे निघाली आणि हिवताप व दलदल पदरी पडल्यावर पुष्कळांनी डूडेनला दोष दिला. परंतु छापील ग्रंथापेक्षा हस्ताक्षर ओळखीचे असलेल्या कागदावर लोकांचा भरवसा अधिक. असे पत्र गावात आले की ते एकाच घरचे राहत नसे. ते मोठ्याने वाचले जाई, त्याच्या नकला होत, आणि एकराचा भाव, मोलकरणीचा पगार, डुकराच्या मांसाचा दर, घरापासून चर्च किती कोसांवर, कोणापुढे टोपी काढावी लागते की नाही, हा तपशील शेजारच्या गावीही पोचे. पुष्कळदा त्याच लखोट्यात जहाजाचे आगाऊ पैसे भरलेले तिकीट असे, आणि मग एकामागून एक भाऊ, बहीण, मेहुणा असे सारे गाव मिसूरीच्या एकाच तालुक्यात जाऊन वसे.

या पत्रांतले दुःखही मोजक्या शब्दांत येते. वेस्टफालियातील ओएल्डे गावची येटे ब्रुन्स १८३६ साली डॉक्टर नवऱ्याबरोबर मिसूरीच्या अरण्यात आली आणि १८९९ मध्ये निवर्तली; मधल्या सहा दशकांत तिने माहेरी लिहिलेली पत्रे आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. १८४१ च्या शरदात हगवणीने तिची तीन मुले तीन आठवड्यांच्या आत गेली. ते माहेरी कळवताना तिच्या हाताला काय झाले असेल ते मला सांगता येणार नाही. पण ते कळवण्याला जगात एक ठिकाण होते, एवढा आधार तिला होता, असे तिची पत्रे वाचताना वाटत राहते.

सख्खी भावंडे एकेक करून जातात, आणि तिथे माझ्या विषयाला खरा प्रारंभ होतो. काळ्या काठाचा लखोटा येतो. वरचे हस्ताक्षर परके असते. आत मृताच्या मुलीने लिहिलेले असते की बाबा अमुक तारखेला गेले, त्यांच्या पेटीत तुमच्या वडिलांची पत्रे सापडली, मी त्यांची तिसरी मुलगी. या क्षणी तो धागा तुटावा हेच स्वाभाविक, कारण लिहिणारी आणि वाचणारा यांच्यात एकही समान आठवण नसते. आणि बहुतेक घरांत तो तुटलाही. परंतु काही घरांत उत्तर गेले. ज्यांना एकमेकांचे काहीच ठाऊक नाही ती माणसे फार विस्ताराने लिहितात: घराला खिडक्या किती, गायींची नावे काय, आजोबा कोणते गीत गुणगुणत, मोठ्या मुलाचा कन्फर्मेशनचा विधी कसा झाला. चेहरा माहीत नसल्यामुळे छायाचित्र सोबत ठेवावे लागे, आणि त्याच्या पाठीवर प्रत्येकाचे नाव व वय. सख्ख्या भावांच्या पत्रांत जे गृहीत असल्यामुळे कधी लिहिले गेले नाही, ते त्यांच्या नातवंडांच्या पत्रांत प्रथम शब्दबद्ध झाले. रक्ताचे नाते तिथे नावापुरते होते; ते पत्रानेच घडत होते, आणि एक नाताळ कोरडा गेला तर संपणार होते, याची जाणीव दोन्हीकडे असावी असे मला त्या लिखाणाच्या काळजीपूर्वकपणावरून वाटते.

टपालखात्याने या नात्यावर मोठे उपकार केले. १८७४ साली बर्न येथे बावीस राष्ट्रांनी टपालाचा करार केला, ज्यामागे जर्मन टपालखात्याचे प्रमुख हाइनरिख फॉन श्टेफान यांची दूरदृष्टी होती, आणि पुढल्या वर्षापासून अमेरिकेतून युरोपास साधे पत्र पाच सेंटांत जाऊ लागले. १९०९ मध्ये थेट जहाजाने जर्मनीस जाणाऱ्या पत्राचे हशील दोन सेंटांवर आले. ज्याच्याशी काही काम नाही अशा माणसाला पत्र लिहिण्याची चैन गरिबालाही परवडू लागली, ती तेव्हा.

पण लिपी आणि भाषा मात्र हातातून निसटत होत्या. अमेरिकेत जन्मलेल्या भावंडाची जर्मन ही ल्यूथरपंथी पाठशाळेत शिकलेली. तिच्यात इंग्रजी शब्द सर्रास शिरत आणि शुद्धलेखन कानाच्या हवाली असे. त्याहून कठीण गोष्ट कुरेंट या वळणदार हस्तलिपीची. आपल्याकडे मोडीचे जे झाले, आजोबांचे दप्तर घरात असून नातवाला त्यातली ओळ लागत नाही, तेच तिथे झाले: जर्मनीच्या शाळांतून ही लेखनपद्धती १९४१ मध्ये हुकमाने गेली, आणि अमेरिकेतल्या घरांतून त्याच्या किती तरी आधी. न वाचता येणारी पत्रे कोण जपणार? म्हणून अमेरिकेहून आलेली पत्रे जर्मनीत पुष्कळ राहिली, गोथा येथील ग्रंथालयात आज ती हजारोंनी सुरक्षित आहेत. जर्मनीहून गेलेली त्यामानाने थोडी उरली. एका संभाषणातला एकच पक्ष आपल्याला बहुधा ऐकू येतो.

१९१७ च्या एप्रिलात अमेरिका युद्धात उतरली आणि ऑक्टोबरच्या कायद्याने शत्रुराष्ट्राशी पत्रव्यवहार बंद झाला. त्यानंतरच्या वर्षी इलिनॉयमधील कॉलिन्सव्हिल येथे रॉबर्ट प्रागर या जर्मन कामगाराला जमावाने झाडाला फाशी दिले. आयोवाच्या गव्हर्नरने फर्मान काढून शाळेत, रस्त्यावर, टेलिफोनवर आणि देवाच्या प्रार्थनेतही इंग्रजीखेरीज भाषा वापरण्यास मनाई केली. अशा दिवसांत पुष्कळांनी पेट्या अडगळीत लोटल्या आणि आडनावांचे उच्चार बदलले. शांतता झाल्यावर ज्यांनी पुन्हा लेखणी उचलली त्यांच्या धैर्याचा उल्लेख इतिहासात नाही, पण तो व्हायला हवा. युद्धापूर्वी डॉलरला ४.२ मार्क मिळत. १९२३ च्या नोव्हेंबरात ४.२ लाख कोटी. एका लखोट्यात घडी घालून ठेवलेल्या एका डॉलरने त्या हिवाळ्यात एक घर कित्येक दिवस जेवत असे.

या साऱ्या पत्रांत मला सर्वांत अस्वस्थ करणारी आहेत ती १९३३ नंतरची, आणि विशेषतः १९३८ ची. व्युर्टेंबर्ग आणि बव्हेरियाच्या खेड्यांतून मागच्या शतकात अमेरिकेला गेलेल्यांत ज्यू कुटुंबेही पुष्कळ होती, आणि आता नाझी राजवटीच्या छळामुळे मागे राहिलेल्यांच्या नातवंडांना त्यांचे पत्ते शोधणे भाग पडले. जर्मनी आणि ऑस्ट्रिया मिळून वर्षाला २७,३७० माणसांनाच अमेरिकेत प्रवेश मिळे. त्यातही येणाऱ्याचा भार सरकारवर पडणार नाही असे हमीपत्र अमेरिकेतील कोणी तरी द्यावे लागे, सोबत त्याच्या प्राप्तिकराची नक्कल आणि बँकेतील शिलकेचा दाखला. कोणाकडे आजीच्या पेटीतला जुना लखोटा होता; कोणाकडे तोही नव्हता, आणि ते न्यूयॉर्कच्या टेलिफोनच्या सूचीत आपले आडनाव शोधून सापडेल त्याला लिहीत. कल्पना करा, त्या पत्राचा मायना काय लिहावा? प्रथम आजोबांचे नाव, गाव, गल्ली, कोणाची बहीण कोणाला दिली होती, असा नात्याचा सारा पुरावा मांडायचा, मग त्रास दिल्याबद्दल क्षमा मागायची, आपण कोणते काम करू शकतो ते सांगायचे, आणि मग आपला, बायकोचा, मुलांचा जीव त्या अनोळखी माणसाच्या सहीवर ठेवायचा. आणि इथेच नात्याचे दूरपण आडवे येई, कारण जवळच्या आप्ताच्या हमीला अमेरिकन कचेरीत जे वजन होते ते चुलतचुलत भावाच्या हमीला नसे. इतक्या लांबच्या माणसाला तुम्ही खरोखर का पोसाल, असा सवाल केला जाई.

या सवालाला ज्यांनी कृतीने उत्तर दिले त्यांच्यात कार्ल लेम्ली यांचे नाव घ्यावे लागते. व्युर्टेंबर्गमधील लाउपहाइम गावातून ते १८८४ मध्ये सतराव्या वर्षी अमेरिकेला गेले आणि पुढे युनिव्हर्सल ही चित्रपटसंस्था त्यांनी स्थापन केली. गावाशी त्यांचा संबंध कधी सुटला नव्हता. त्यांनी ३०० हून अधिक माणसांची हमी घेतली, ज्यांतले कित्येक नातेवाईकही नव्हते, नुसते गावकरी होते. एका वृद्ध माणसाने इतक्या लोकांचा भार कसा घ्यावा अशी शंका कचेरीने काढली तेव्हा त्यांनी परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनाच पत्र लिहिले. १९३९ च्या सप्टेंबरात ते वारले. पण बहुतेक पत्रे लेम्लीसारख्या धनिकाच्या दारी गेली नव्हती. ती गेली मंदीने खचलेल्या दुकानदारांकडे, शिंप्यांकडे, विधवांकडे. त्यांच्यातील कोणी सही केली, कोणी आपल्याच मालकाकडे सहीसाठी हात पसरले, कोणाला उत्तर काय द्यावे हे सुचले नाही; आणि १९४१ च्या जुलैत जर्मनीतील अमेरिकन कचेऱ्या बंद झाल्यावर उत्तर देण्याची वेळही निघून गेली. सही न करू शकलेल्यांना मी दोष देऊ धजत नाही. पण आजोबांच्या पिढीनंतरही जिथे नाताळाची, पासओव्हरच्या सणाची पत्रे चालू राहिली होती, तिथे मागणारा अनोळखी उरला नव्हता, ही गोष्ट त्या वर्षी फार मोलाची होती.

दुसऱ्या युद्धानंतर जुने पत्ते पुन्हा कामास आले. १९४५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत केअर ही संस्था निघाली आणि पुढल्या वर्षी तिची अन्नाची पुडकी जर्मनीत पोचू लागली. पुडक्याची किंमत आरंभी पंधरा डॉलर, पुढे दहा. मांसाचे डबे, चरबी, साखर, कॉफी, दुधाची भुकटी असे त्यात असे, आणि पहिल्या काळात ते नाव-पत्ता देऊन विवक्षित माणसालाच पाठवावे लागे. विस्कॉन्सिनमधील शेतकऱ्यांपुढे मात्र निराळीच अडचण होती. १८३९ साली मिलवॉकीजवळ फ्राइश्टाट वसवणारे जुने ल्यूथरपंथी, आणि त्यांच्यामागून आलेले हजारो, पोमेरेनियाचे. आणि पोमेरेनियाचा बहुतेक भाग आता पोलंडकडे गेला होता, जर्मन वस्ती घालवून दिली गेली होती, गावांना नवी नावे मिळाली होती. पत्ता हाती होता, त्या पत्त्यावर आपले कोणी नव्हते. मग पत्रे रेडक्रॉसच्या शोधखात्याकडे गेली, ओळखीच्या पाद्र्यांकडे गेली, आणि काहींची उत्तरे श्लेस्विग-होल्स्टाइनच्या निर्वासितांच्या छावण्यांतून आली.

त्या उत्तरांत कॉफीचे आभार असत, कोण जगले आणि कोण वाटेत गेले याची कैफियत असे, आणि पुष्कळदा आणखी एक मागणी असे. घरदार सोडून हातातल्या बोचक्यानिशी निघालेल्या त्या माणसांपाशी आपल्या आईबापांचे एकही छायाचित्र उरले नव्हते. पण चाळीस वर्षांपूर्वी, पाठीवर नावे आणि वये लिहून, ती छायाचित्रे अमेरिकेतल्या न पाहिलेल्या भावंडांना धाडलेली होती. त्यांची एखादी प्रत करून मिळेल का, असे ते विचारीत. आणि विस्कॉन्सिनच्या शेतघरांतून पुढच्या पुडक्यांबरोबर ती छायाचित्रे जात.