आमच्यावर बांधलेले किल्ले

डॉल्गेथ्लाय गावाबाहेरच्या ज्या शेतघरात आम्ही दोघे उतरलो होतो, तिथल्या वृद्ध मालकिणीने सकाळी चहाची किटली टेबलावर ठेवता ठेवता अगदी सहज सांगितले की, तुम्ही पाहायला निघाला आहात ते किल्ले आमचे नव्हेत, ते आमच्यावर बांधलेले आहेत. आणि दुतर्फा दगडी गडग्यांनी आवळलेल्या वेल्सच्या त्या अरुंद रस्त्यांवरून आमची गाडी दिवसभर वळणे घेत असताना ते वाक्य माझ्या मनातून काही केल्या हलेना. सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या माणसाला किल्ला म्हटला की तो आपलाच वाटतो. परक्याच्या हाती गेलेला असला तरी तो आज ना उद्या परत घ्यायचा, अशीच भाषा आमच्या कानांवर पडत आलेली. ज्याची पायाभरणीच आपल्याला दाबून ठेवण्यासाठी झाली, अशा किल्ल्याच्या पायथ्याशी सातशे वर्षे संसार करणाऱ्या लोकांना त्याच्याकडे पाहून काय वाटत असेल, हा विचार मला त्यापूर्वी कधी शिवलाच नव्हता.

ह्यांची सारी हयात सरकारी बांधकाम खात्यात गेलेली. त्यामुळे हार्लेकच्या किल्ल्यापाशी पोहोचताच हे बुरुजाच्या दगडांशी गेले आणि मी समुद्राकडे पाहत राहिले. 1283 साली, वेल्स जिंकून घेतल्याबरोबर, इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने हे काम काढले, तेव्हा लाटा कड्याच्या पायथ्याशी येत आणि रसद होड्यांनी थेट किल्ल्याखाली उतरे. आता समुद्र मागे हटून मधल्या सपाटीवर वाळूच्या टेकड्या पसरल्या आहेत. "अगं, इकडे ये," असे म्हणून ह्यांनी मला बुरुजाला वळसा घालत तिरक्या ओळीत वर चढत गेलेली चौकोनी भोके दाखवली. त्यांत लाकडे रोवून त्यांवर चढण बांधीत आणि दगड खांद्यावर न घेता ओढत वर नेत. अशी तिरपी परांची रचण्याची रीत आल्प्सकडच्या सॅव्हॉय प्रांतातली, आणि ह्या किल्ल्यांचा मुख्य स्थपती जेम्स हा एडवर्डने त्याच प्रांतातून आणवलेला होता. भोकांच्या कडा अजून धारदार आहेत. एकात बोट घालून पाहिले तर आत थंड, ओलसर चुना हाताला लागला. 1286 च्या उन्हाळ्यात इथे साडेनऊशेच्या आसपास माणसे कामावर होती, त्यांत दोनशे सत्तावीस गवंडी आणि एकशे पंधरा खाणकामगार, असे हे मुकादमाच्या हजेरीपत्रकातून वाचल्यासारखे सांगत होते.

माझे लक्ष मात्र आदल्या दिवशी पाहिलेल्या पोविसच्या वाड्यात अडकून पडले होते. तो लाल दगडाचा किल्ला वेल्सच्याच एका राजाचा. ग्रिफिथ हे त्याचे नाव. पण तो वेल्सचा राजपुत्र ल्यूएलिन ह्या स्वकीयाच्या विरुद्ध एडवर्डला मिळाला, म्हणून त्याचा किल्ला टिकला, पुढे सरदार घराण्याचा वाडा झाला, आणि आज त्याच्या उतरत्या गच्च्यांवर कातरलेली झाडे व भिंतींवर गालिचे आहेत. रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाचे लग्न ह्या घराण्यातल्या मुलीशी झाले. त्यामुळे हिंदुस्थानातून गेलेली क्लाइव्हांची चीजवस्तू इथे मांडलेली आहे. टिपू सुलतानाचा छापील फुलांचा तंबू पाहून लोक हरखतात. मी मात्र क्लाइव्ह हे नाव वाचले आणि एकदम विजयदुर्गाला जाऊन पोहोचले.

माझे आजोळ वाघोटनच्या खाडीकाठी. मे महिन्यात संध्याकाळी आजोबा आम्हा मुलांना किल्ल्यावर नेत, आणि तिहेरी तटाच्या पश्चिमेकडच्या बुरुजावर बसवून, समोरच्या पाण्यात जणू अजून काही जळते आहे अशा नजरेने बघत, 1756 च्या फेब्रुवारीची हकीकत सांगत. इंग्रज आरमारप्रमुख वॉटसनची गलबते समुद्रातून आणि क्लाइव्हची पलटण जमिनीवरून. तोफांनी पेटलेल्या एका गलबताची आग शेजारच्यांत पसरली आणि आंग्र्यांचे आरमार खाडीच्या तोंडाशी जळून खाक झाले. एवढे सांगून झाले की आजोबा थांबत. पुढचे सांगणे त्यांना जड जाई, आणि आम्हीही ते ऐकण्याआधी चुळबुळ करीत असू. इंग्रजांना ह्या मोहिमेत बोलावून घेतले होते ते नानासाहेब पेशव्यांनी. किल्ल्याचा धनी तुळाजी आंग्रे सरकारास जुमानत नाही, पेशव्यांच्या मुलखातील गलबते धरतो, ही तक्रार खोटी नव्हती. सावत्र भाऊ मानाजी तर त्याच्या विरुद्धच उभा होता. पेशव्यांची फौज जमिनीवर ठाण मांडून बसली, तुळाजी बोलणे लावण्यासाठी तिच्या छावणीत गेला आणि कैद झाला, तो मरेपर्यंत कैदेतच राहिला. किल्ल्यातला खजिना इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला. आणि किल्ला पेशव्यांच्या हाती देण्याचा करार असूनही तो लगेच दिला नाही, त्याच वर्षाच्या अखेरीस नवा तह होऊन, बाणकोटच्या मोबदल्यात, मग सोडला. क्लाइव्ह तेथून मद्रासेस गेला. पुढच्याच वर्षी प्लासी. तुळाजीचे वडील कान्होजी ह्यांनी पै पै करून उभे केलेले आरमार मराठ्यांच्याच संमतीने जळले, हे वाक्य आजोबा कधीच पुरे उच्चारीत नसत, "मराठ्यांच्याच" इथे त्यांचा स्वर बसे. मला तुळाजीचा कैवार घ्यायचा नाही. पण नानासाहेबांच्या ह्या एका निर्णयाबद्दल इतिहासकारांनी कितीही राजकारण समजावून सांगितले तरी माझे मन त्यांना माफ करायला तयार होत नाही.

आणि वेल्सची कथा तरी काय निराळी! ल्यूएलिनने आपल्या थोरल्या भावाला, ओवाइनला, वीस वर्षांहून अधिक काळ बंदीत टाकले. धाकटा दाव्हिथ 1277 मध्ये एडवर्डच्या बाजूने भावाशी लढला, आणि नंतर त्याच एडवर्डविरुद्ध उठून 1283 मध्ये श्रूजबरीला हालहाल होऊन मेला.

म्हणूनच मला ह्या प्रदेशातले खरे किल्ले वाटले ते वेल्सच्या राजांचे, पडके आणि लहान. डॉल्विथेलानचा एकच चौकोनी मनोरा मेंढ्यांच्या कुरणातून वर आलेला दिसतो. डिसिनीच्या खोऱ्यातला कास्टेल ई बेर तर रस्त्यावरून ओळखूही येत नाही. 1283 च्या एप्रिलमध्ये तो पडला, पुढल्या दहा-बारा वर्षांत ओस झाला, आणि त्याचा आकार इंजिनिअरच्या कागदावरून आलेला नसून कातळ जसा वळेल तसा वळला आहे, जसे आपले डोंगरी किल्ले वळतात. जवळच्या एका कड्यावर, समुद्रापासून इतक्या आत, पाणकावळे अजून घरटी करतात. ह्यांना हे सारे "दुरुस्तीस अयोग्य" वाटले आणि आमचा तिथे थोडा वाद झाला, तो भर पावसात, एकाच छत्रीखाली.

तो मिटला ब्यूमारिसला. खंदकात पाणी, तटाच्या आत तट, सगळी मापे बिनचूक, असा एडवर्डचा हा शेवटचा किल्ला 1295 साली सुरू झाला. त्याचे मनोरे मात्र ठरल्या उंचीला कधी गेलेच नाहीत. हे तिथे बराच वेळ गप्प उभे होते, आणि मग त्यांनी मला जेम्सने व त्याच्या सहकाऱ्याने 1296 च्या फेब्रुवारीत राजाच्या खजिन्याला लिहिलेल्या पत्राचा मजकूर सांगितला. चारशे गवंडी, दोन हजार बिगारी, दोनशे खाणकामगार कामावर आहेत. मजुरीची बाकी साचली आहे, माणसांजवळ जगायला काही उरलेले नाही, त्यांना टिकवून धरणे अवघड झाले आहे. आठवड्याला अडीचशे पौंड लागतील; देवाशपथ, पैसे लवकर धाडा, नाहीतर आजवर केलेले सारे वाया जाईल. अशी पत्रे ह्यांनी स्वतः आयुष्यभर वरच्या कचेरीला लिहिली होती, आणि रोजंदारीवरच्या माणसांसमोर रिकाम्या हाताने उभे राहण्याचे ते दिवस मीही घरात बसून पाहिलेले होते. त्यामुळे एडवर्डच्या भिंतीवर मी पहिल्यांदाच राग न धरता हात ठेवला. पैसे पुरेसे कधीच आले नाहीत. राजाची स्वारी तोवर स्कॉटलंडकडे वळली होती, आणि खजिनाही तिकडेच.