सांगितलेस, बरे केलेस

आमच्या गिरगावच्या चाळीत अनोळखी माणूस जिना चढू लागला, की गॅलरीतून कुणी तरी 'कोण हवंय?' असे हटकत असे. आता तसाच माणूस मोबाइलवरील खेळातून थेट नातवंडापाशी पोहोचतो.

३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत पोलिसांच्या सायबर जागृती कार्यक्रमात अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या मुलीचा अनुभव सांगितला. ऑनलाइन खेळताना अनोळखी खेळाडूने आधी कौतुक केले, मग 'मुलगा की मुलगी' असे विचारले आणि तिने मुलगी म्हणताच विवस्त्र छायाचित्र मागितले. तिने खेळ बंद केला आणि तडक आईला सांगितले.

मला हे सांगणेच मोलाचे वाटते. ओरडा बसेल, मोबाइल जाईल, या धाकाने मुले गप्प राहतात आणि धमकावणाऱ्याचे फावते. आईवडील कामावर असताना घरी आपणच असतो. मी नातीला सांगून ठेवले आहे, "काहीही झाले तरी मी रागावणार नाही." मुलाने असे काही सांगितलेच, तर संदेश पुसू नका, पैसे देऊ नका. पैसे गेले असल्यास लगेच १९३०, मुलाला मदत हवी असल्यास १०९८ हा क्रमांक लावा. तंत्रज्ञान आपल्याला थोडे कमी कळेल. शांतपणे ऐकून घेणे मात्र आपल्याला नक्की जमते.