अंजनेरिका : वर्णनाची लॅटिन आणि वर्णनाची मराठी

नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाताना क्षेत्राच्या अलीकडे अंजनेरीचा डोंगर लागतो. तेथे पावसाळ्यात फुलणाऱ्या एका कंदीलपुष्पास २००६ साली ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ हे शास्त्रीय नाव मिळाले. यातील दुसरे पद मराठीच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे. सेरोपेजिया स्त्रीलिंगी, म्हणून अंजनेरिका. पहिले पद नपुंसकलिंगी असते तर अंजनेरिकम झाले असते. लॅटिनमध्ये शिरताच डोंगराच्या नावालाही विशेष्याचे लिंग स्वीकारावे लागले.

१ जानेवारी १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये देणे बंधनकारक होते; २०१२ पासून इंग्रजीही चालते. इंग्रजीत तो नेमकेपणा नाही, ही तक्रार सर्वस्वी निराधार नव्हे. क्रियापद नसलेल्या लांबलचक वर्णनातही लॅटिन विशेषण लिंग, वचन व विभक्ती यांमुळे आपल्या विशेष्याशी बांधलेले राहते. इंग्रजीत हे काम शब्दक्रम आणि विरामचिन्हे करतात. निस्तेज पांढरा तो ‘आल्बस’, झळाळणारा तो ‘कान्दिदुस’. इंग्रजीला येथे जोडविशेषण शोधावे लागते.

मात्र हा नेमकेपणा रोमन लोकांचा नव्हे. त्यांच्या तोंडी ‘कोरोला’ म्हणजे लहानशी माळ. फुलाचा पाकळ्यांचा घेर हा अर्थ वनस्पतिशास्त्राने दिला. लिनियसने १७५१ च्या ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’त संज्ञांना काटेकोर अर्थ दिले. कोणाच्याही घरात बोलली न जाणारी भाषा असल्याने ते फारसे हलले नाहीत, एवढेच. इंग्रजीने तर ‘लॅन्सिओलेट’, ‘प्युबेसंट’ असे शब्दच तिच्याकडून उचलले. मग उणीव नेमकी कोणाची?

मराठीचे काय? पांढराशुभ्र आणि पांढराफटक हा भेद आपल्याला शिकवावा लागत नाही. पिवळसर, लांबट यांतील ‘सर’ आणि ‘ट’ हे प्रत्यय छटा अचूक पकडतात. पिवळा देठ, पिवळी पाकळी, पिवळे पान, हा अन्वय लॅटिनचाच सोयरा. अर्थात लाल, राठ, लवदार ही आपली विशेषणे अविकारीच आहेत. परंतु पाठ्यपुस्तकी परिभाषेने ‘भालाकृती’, ‘रोमश’ अशा संस्कृत घडणीच्या शब्दांची कास धरली, आणि संस्कृतात विशेष्यामागे चालणारी ही पदे मराठीत येताच निश्चल झाली. शब्द आला, विभक्ती वेशीबाहेर राहिली. परिणामी विद्यार्थ्याच्या वर्णनात केस पानावर आहेत की देठावर, हे अनेकदा कळत नाही. रानातले कंद पानावरून ओळखून खणणाऱ्यांना असा संदिग्धपणा परवडत नाही. त्यांच्या बोलीतील विशेषणे गोळा करण्याचे काम मराठी विभागांचेही आहे.

गंमत अशी की ‘सेरोपेजिया’ हे लॅटिन नाव मुळात ग्रीक, मेण आणि कारंजे या शब्दांचे. आणि आपल्या ‘कंदीलपुष्पा’तील कंदील अरबी-फारसीतून आला असला, तरी त्याचे मूळ लॅटिन ‘कान्देला’त आहे, ज्या धातूपासून ‘कान्दिदुस’ झाला, त्याच धातूचा.