पंगतीतलं मूल

मूल भाजी खात नाही, ही तक्रार घेऊन पालक शाळेत यायचे, तेव्हा मी एकच विचारायची, "तो जेवतो तेव्हा शेजारी कोण असतं?" बहुतेकदा उत्तर 'टीव्ही' असं यायचं. आता मोबाईल असतो, एवढाच फरक.

पोषण आहार योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. तो साऱ्या घराच्या भातात जायचा. (त्यात गैर तरी काय?) पुढे २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं आणि काही काळाने आपल्याकडच्या शाळांतही खिचडी शिजू लागली. खरी गंमत तेव्हा कळली. घरी मटकीला नाक मुरडणारी पोरं व्हरांड्यात मांडीला मांडी लावून बसली, की तीच मटकी दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. जीवनसत्त्वांवरचं आमचं एकही भाषण इतकं लागू पडलं नव्हतं!

म्हणून ते अंड्याचं प्रकरण मनाला लागलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने या आहारात आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्यांना केळं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद केले. हवं तर शाळांनी लोकसहभागातून करावं म्हणे. मी स्वतः अंडं खात नाही. पण ज्याच्या घरी ते परवडत नाही, त्या मुलाला चार जणांबरोबर, न मागता मिळत होतं. वर्गणी देऊ शकणारे पालक असतात एका शाळेत आणि अंड्याची गरज असते दुसऱ्याच!

घरी मात्र पंगत कुठून आणायची? मुलगा-सून दोघंही लोकलने रात्री उशिरा अंबरनाथला उतरतात. मग नातवाशेजारी मीच ताट घेऊन बसते. पावसाच्या तोंडावर आमच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं आणतात. ती घशाला खाजतात, म्हणून भाजीत काकड नावाची हिरवी, आंबट फळं घालावी लागतात. यंदा नातवाला सोबत नेलं होतं. "मावशी, एका जुडीला किती काकडं?" हे त्यानेच विचारलं. मावशींनी मूठभर जास्तच दिली.

भाजीचे त्याने दोनच घास खाल्ले. पण "आजी, तू खा, तुला खाजतंय का ते मी बघतो," म्हणत माझं जेवण होईपर्यंत ताटावरून उठला नाही.