कुजून जाईल

लहानपणी तुटकं-फाटकं काहीही पुढं धरून "याचं काय करू?" विचारलं, की आजी म्हणायची, "उकिरड्यावर टाक, कुजून जाईल." आणि ते कुजायचंच. घायपाताचं झिजलेलं दावं, अंबाडीची सुतळी, लग्नातल्या पळसाच्या पत्रावळी. मे महिन्यात उकिरडा उपसला की काळंभोर, भुसभुशीत खत निघायचं. नांगरामागून बगळे गांडुळं वेचत चालायचे.

आज त्याच उकिरड्यात दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या आणि नायलॉनच्या दाव्यांचे तुकडे असतात. खताच्या ट्रॉलीतून ते थेट रानात पसरतात.

त्याहून मोठी भर मल्चिंग पेपरची, म्हणजे बेडवर अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदाची. आमच्या नारायणगाव पट्ट्यात टोमॅटो म्हटला की पेपर आलाच. तण दबतं आणि पाणी वाचतं, म्हणून मीही अंथरला. २५ मायक्रॉनचा, केसाहून पातळ. ४०० मीटरचं एक बंडल. पाच फुटी बेडला एकरी सहा-सात लागतात. पीक निघाल्यावर ओढायला गेलं की उन्हानं कडकलेला पेपर हातात चिंध्या होऊन येतो. मातीत दाबलेल्या कडा तिथंच राहतात. मग रोटाव्हेटर फिरतो. दरसाल तुकडे बारीक होत जातात. पाच मिलिमीटरच्या आत आले की त्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात.

परवा एक ढेकूळ फोडलं. आत नखाएवढा चंदेरी तुकडा होता आणि एक पांढरं मूळ त्याला वळसा घालून गेलेलं. बराच वेळ ते ढेकूळ हातातून सोडवेना.

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये गांडुळांना पालापाचोळ्यात पॉलिथिनचे कण मिसळून दिले. प्रमाण वाढलं तशी त्यांची वाढ खुंटली, मरणारी वाढली. शिवाय गांडूळ पाला जसा खाली नेतं, तसे हे कणही आपल्या बिळांतून खोल नेतं. माझ्या रानाची मशागत करणाऱ्या जिवाकडून आपण हे काम करून घेतोय, हे मला सोसत नाही. गव्हाच्या मुळाला नवा फाटा फुटताना पडणाऱ्या चिरेतून अतिसूक्ष्म कण आत शिरतात, हेही २०२० मध्ये दिसून आलं.

या उन्हाळ्यात तुकडे वेचून दोन गोण्या भरल्या. माती लागलेला पेपर भंगारवाला घेत नाही, आणि बांधावर पेटवायचा नाही हे घरात ठरलंय. गोण्या गोठ्याशी उभ्या आहेत. अर्ध्या एकरात यंदा उसाचं पाचट अंथरलंय. खुरपणी वाढली, मजुरी वाढली. पाचट बाजूला सारलं की खाली ओल असते, आणि त्याची खालची बाजू आत्ताच काळी पडायला लागलीय.