पकड करणारा न्यायमूर्ती

काही वर्षांपूर्वी एका कबड्डीपटू विद्यार्थ्याला हजेरी कमी म्हणून मी वर्गात सर्वांसमक्ष म्हटले, ‘तू मैदानावरच राहा.’ तो पुन्हा आला नाही. आठवड्याने त्याची आई आली. ‘आट आडिद्रे ओदबार्दा, सर?’ तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

उत्तर पुढे ॲलन पेज यांच्या चरित्रात सापडले. १९४५ साली ओहायोतील कँटन येथे जन्म. विद्यार्थिदशेत तिथल्याच फुटबॉल हॉल ऑफ फेमच्या बांधकामावर त्यांनी काम केले. पुढे ते अमेरिकन फुटबॉलमध्ये मिनेसोटा वायकिंग्जच्या बचावफळीत खेळले. कबड्डीत नाव होते ते चढाई करणाऱ्याचे. पकड करणारा मागेच राहतो. तिथेही तसेच. तरी १९७१ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेले पेज हे पहिले बचावपटू!

खेळता खेळताच कायदा शिकून १९७८ मध्ये त्यांनी पदवी घेतली. त्याच वर्षी वायकिंग्जने त्यांना काढले. १९८१ पर्यंत ते शिकागो बेअर्सकडून खेळले. १९८८ साली हॉल ऑफ फेममध्ये सन्मान झाला, तेव्हा ते शिक्षणावरच बोलले. त्याच वर्षी शिष्यवृत्ती सुरू केली. अट एकच : घेणाऱ्याने लहान मुलांना शिकवायचे. १९९३ ते २०१५ ते मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते.

आता घामेजलेला मुलगा उशिरा वर्गात आला, की मी आधी त्याला बसायला सांगतो. त्या माउलीला मात्र माझे उत्तर अजून पोचलेले नाही.