गल्ल्यावरचा माणूस

दुकानातला माल फळीवर असतो, पण दुकान असते ते गल्ल्यावर. आमच्या फलटणच्या पेठेत ही गोष्ट कोणाला शिकवावी लागत नसे. गुळाचा खडा जिभेवर ठेवून पाहणारे, पोत्यात हात घालून तांदूळ न्याहाळणारे गिऱ्हाईक अखेर वळे ते गल्ल्याकडेच. तेथे बसलेला माणूस ‘कुणाच्या घरचे तुम्ही?’ म्हणून विचारी, आणि त्या एका प्रश्नात उधारी, किडका माल बदलून देण्याची हमी, सगळे येऊन जाई. हिशेबात चार आणे जास्त लागले तर भांडायला माणूस समोर असे, हाही काही थोडा दिलासा नव्हे!

माझ्या पुतण्याची बायको गेली तीन वर्षे घरी मेतकूट, काकवी आणि चार तऱ्हेच्या चटण्या करून विकते. नीरेच्या उजव्या कालव्याने आमच्या तालुक्यात ऊस आणला, तेव्हा काकवीला तोटा नाही. तोटा होता गिऱ्हाइकांचा. म्हणून तिने कर्ज काढून इंटरनेटवर दुकान थाटले. लोक येत, बरण्या टोपलीत टाकीत, आणि पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरून, ज्याला चेकआउट म्हणतात तेथून, पसार होत. कर्जाचा हप्ता मात्र पसार होत नसे.

“काका, तुम्ही एकदा गिऱ्हाईक होऊन बघा ना,” ती म्हणाली. मी रिकामटेकडाच, बसलो मोबाईल घेऊन.

पान सगळे इंग्रजीत. आधी खाते उघडा म्हणे, परवलीचा शब्द ठरवा म्हणे. काकवीच्या एका बरणीसाठी एवढी सोयरीक कशाला? ते सोपस्कार उरकले तो बेरजेत पाठवणीचे नव्वद रुपये एकाएकी उगवले. आणि अखेर यूपीआयने पैसे धाडायला गेलो, तर पडद्यावर दुकानाचे नावच नाही! पुतण्याचे वडिलांच्या नावासकट लांबलचक नाव. तो माझा पुतण्या, म्हणून मी पैसे भरले. नाशिकच्या एखाद्या बाईंनी का भरावेत?

डेन्मार्कमधील बेमार्ड ही संस्था याच विषयाचा अभ्यास करते. तिच्या हिशेबाने टोपली भरणाऱ्या शंभरांतील सत्तरेक माणसे पैसे न भरताच जातात. नुसते बघे वगळले, तर त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शेवटी निघालेला वाढीव खर्च. खात्याच्या जुलुमाची गोष्ट अमेरिकेतील जॅरेड स्पूल यांनी 2009 साली सांगितली. एका मोठ्या दुकानाने ‘नाव नोंदवा’ हे बटण काढून ‘पुढे चला’ असे बटण ठेवले, खाते उघडण्याची गरज नाही असे खाली लिहिले, आणि वर्षभरात विक्री तीस कोटी डॉलरनी वाढली. नव्वद रुपयांवर अडलेल्या आमच्या सूनबाईंना हा आकडा ऐकून हसूच आले.

पण घरात खरा वाद पेटला तो निराळ्याच गोष्टीवरून. दुकानाचे पान बांधून देणाऱ्या मुलाने उपाय सुचवले होते: ‘फक्त 2 बरण्या शिल्लक’ अशी लाल पाटी, दहा मिनिटे उलटी मोजणारे घड्याळ, आणि ‘शंभर टक्के सुरक्षित’ असे चार सोनेरी शिक्के. पुतण्याला ते पटले. हप्त्याची तारीख जवळ आली होती. ती म्हणाली, “माळ्यावर साठ बरण्या आहेत. दोन कुठल्या?”

“सगळेच लिहितात.”

“लिहू देत. मी नाही लिहिणार.”

दोन दिवस घरात अबोला होता. मी तिच्या बाजूचा, हे सांगायला नकोच. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 च्या नोव्हेंबरात असल्या तेरा क्लृप्त्यांना बंदी केली आहे. त्यांत खोटी घाईही आहे, आणि टोपलीत न सांगता काही सरकवणेही. पण तिला कायदा ठाऊक नव्हता, माळा ठाऊक होता. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा होई, पण तेथे निदान दोघांचेही हात रुमालाखाली असत. शिक्क्यांचे म्हणाल, तर कुलपाचे चित्र एवढेच सांगते की तुमचे आणि दुकानाचे बोलणे तिसरा ऐकत नाही. दुकानदार प्रामाणिक आहे की नाही, हे कुलूप कसे सांगणार?

मग तिने पान स्वतःच बदलले. मजकूर मराठीत केला. पाठवणीचा खर्च बरणीच्या किमतीशेजारीच, पहिल्याच पानावर आणला. खात्याची अट काढली. पैसे भरण्याच्या बटणावर लिहिले: ‘पैसे या नावाने जातील, हे माझ्या यजमानांचे खाते आहे.’ बरणी फुटली तर काय, हे दोन ओळींत. खाली घरचा पत्ता आणि फोन. माल पोचल्यावर रोख देण्याची सोय ठेवावी की नाही, यावर पुन्हा खल झाला, कारण नाकारलेल्या पार्सलाचे जातायेताचे भाडे विकणाऱ्याच्याच माथी बसते. (जुन्या व्ही.पी.पी.चेही हेच रडगाणे होते.) अखेर ती सोय ठेवली, पण नव्या गिऱ्हाइकाला एकाच बरणीपुरती.

नवरात्रानंतर मागण्या वाढू लागल्या. फार नव्हे, पण माळा दिसू लागला. पुतण्या आता पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवताना पूर्वीइतका कुरकुरत नाही.

परवा दुपारी फोन वाजला. चिंचवडच्या कोणी बाई होत्या. काय हवे, म्हणून सूनबाईंनी विचारले.

“काही नको हो,” त्या म्हणाल्या, “नंबर दिलाय तो कुणी उचलतंय का, एवढंच बघत होते.”

तासाभराने त्यांची चार बरण्यांची मागणी आली.